आत्याचे दोन टक्के

माझी आत्या दलाल आहे. घरांची. आमच्याकडे हा शब्द कुणी उच्चारत नाही. माझे बाबा, म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, कुणी विचारलंच तर सांगतात, "ती घरांचं बघते." घरांचं काय बघते ते सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी कुणाकडे तरी झाडलोट करत असेल. आत्याला मात्र त्या शब्दाचं काही वाटत नाही. "अरे दादा, दलाल म्हणजे मधलं माणूस," ती म्हणते. "लोक एकमेकांशी धड बोलत असते तर मला कोण विचारणार होतं?"

मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि मी तिच्याकडे राहायला आले. चार जिने चढून जावं लागतं, लिफ्ट नाही. गंमत म्हणजे आत्याचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, ते लिफ्ट मेकॅनिक. दिवसभर शहरातल्या लिफ्ट वरखाली करायच्या आणि संध्याकाळी गुडघ्यावर हात ठेवत आपल्या घरी चढायचं. भेटेल तो त्यांना यावरून टोमणा मारतो. काका म्हणतात, "हलवायाने पेढे खायचे नसतात."

आत्या या धंद्यात आली ती दाताच्या दवाखान्यातून. तिथे ती नावं लिहून घ्यायला बसायची. खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, पण बाहेर वाट बघणारे भरपूर बोलतात. दात दुखतोय हे विसरायला माणसं घराबद्दल बोलतात, असं तिच्या लक्षात आलं. कुणाला मुलाच्या शाळेजवळ जागा हवी, कुणाची खोली पडून आहे. आत्याने तोवर इतकी भाड्याची बिऱ्हाडं बदलली होती, की कुठल्या घरात दुपारी भट्टी पेटते, कुठल्या नळाला करंगळीएवढी धार येते आणि कुठला मालक उगाचच खोकत वर येतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. ती सहज याचं नाव त्याला सांगायची. घरं जुळायची. एकदा खुद्द डॉक्टरांनाच तिने फ्लॅट मिळवून दिला. डॉक्टर इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी एवढा मोठा फुलांचा गुच्छ घेऊन आले. "तुमचे आभार कसले मानायचे," म्हणाले, "तुम्ही तर घरच्याच."

गुच्छ ठेवायला घरात फुलदाणी नव्हती, म्हणून आत्याने तो बादलीत ठेवला. बादलीकडे बघत बघत तिने विचार केला, की याच कामाचे दुसऱ्या कुणी रोख पैसे घेतले असते. वर्ष उलटायच्या आत तिने दवाखाना सोडला.

धंदा तिला आवडला. घर उघडून दाखवायचं, खिडक्या सताड उघडायच्या, गळकी भिंत न लपवता दाखवायची, हे तिला छान जमायचं. जमत नव्हती ती एकच गोष्ट. पैशाचा विषय निघाला की तिच्या जिभेला गाठ पडायची. शेवटपर्यंत ती आपल्या दलालीबद्दल अवाक्षर काढायची नाही. लोक समजून घेतील असं तिला वाटायचं. लोक बरोबर समजून घ्यायचे. सह्या झाल्या, पेढे वाटून झाले, की कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "आत्या, तुम्ही तर घरच्याच!" आणि बाजारातल्या दराच्या निम्मी रक्कम पुढे करायचं. कधी त्याहून कमी. आत्या हसून घ्यायची आणि घरी येऊन भांडी जोरजोरात घासायची.

"भीड भिकेची बहीण," माझी आजी म्हणायची. आत्याच्या बाबतीत ती सख्खी जुळी बहीण होती.

सगळ्यात वाईट झालं ते स्टेशनरीवाल्याचं. त्याला आत्याने एक फ्लॅट तीनदा दाखवला. एकदा एकट्याला, एकदा बायकोसोबत, एकदा सासूसोबत. मग तो म्हणाला, "नको, आमचा विचार बदलला." काही आठवड्यांनी आत्या त्याच रस्त्याने चालली होती. सहज वर बघितलं तर त्याच फ्लॅटच्या गॅलरीत स्टेशनरीवाला टॉवेल वाळत घालत होता. मालकाशी त्याने परस्पर व्यवहार करून टाकला होता. त्याने आत्याला बघितलं, क्षणभर गोंधळला आणि मग चक्क हात केला.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी पण हात केला," आत्या म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्या दिवशी काका जेवता जेवता थांबले. तसे ते फार बोलणारे नाहीत. "आमच्या लिफ्टमध्ये दाराजवळ पाटी असते," ते म्हणाले. "इतकी माणसं, इतकं वजन. आत शिरायच्या आधीच वाचता येते. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकल्यावर कुणी वजनाची चर्चा करत नाही. तू तुझी पाटी बाहेर लाव."

आत्याला ते पटलं. घर दाखवायच्या आधी, दार उघडायच्या आधी, आपला दर सांगायचा. विकणाऱ्याकडून दोन टक्के, घेणाऱ्याकडून काही नाही. दोन्हीकडून घेणारे पुष्कळ होते, पण आत्या म्हणायची, "दोघांचे पैसे घेतले तर भांडण झाल्यावर मी कुणाच्या बाजूने बसू?"

ठरवणं सोपं होतं, बोलणं अवघड. म्हणून आम्ही घरात सराव केला. मी झाले घरमालक. आत्या दाराबाहेर जाऊन उभी राहिली, बेल वाजवली, आत आली आणि पोपटासारखी म्हणाली, "माझे दोन टक्के."

मी म्हटलं, "जरा कमी करा की."

"बरं," आत्या म्हणाली.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा "बरं". तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी इतकी अस्वस्थ झाले की मीच म्हणाले, "ठीक आहे, दोन घ्या." आत्याचे डोळे चमकले. नुसतं गप्प बसून भागतं, हे तिला तेव्हा कळलं.

त्यानंतर लवकरच तिला कोपऱ्यावरच्या घराचं बोलावणं आलं.

बैठं घर, पुढे व्हरांडा, मागे थोडी मोकळी जागा. म्हातारी आई गेल्यापासून बंद होतं. मालक दोघं, बहीण आणि भाऊ. बहीण मोठी, आयुष्यभर तलावावर मुलांना पोहायला शिकवलेलं, त्यामुळे आवाज असा की पाण्याखालच्या माणसालाही ऐकू जावा. सगळे त्यांना बाईच म्हणत. भाऊ टायरच्या दुकानाचा मालक. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. व्हरांड्याच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला टायरवाले, आणि मधे रिकाम्या खुर्च्या. शनिवार असल्यामुळे आत्याने मला सोबत नेलं होतं. "तू नुसती उभी राहा," ती म्हणाली होती. "मी 'बरं' म्हणायला लागले की खोक."

फाटकातच ती थांबली. "आत येण्याआधी एक सांगते," म्हणाली. "माझे दोन टक्के. फक्त तुमच्याकडून. घेणाऱ्याकडून मी काही घेत नाही. सह्या होतील त्याच दिवशी पैसे. पटत असेल तर घर बघते, नाहीतर पाणी पिऊन जाते."

टायरवाले गालात हसले. घासाघीस हा त्यांचा रोजचा व्यायाम होता. "दोन? अहो, तो फटाफट एक टक्क्यात करतोय."

फटाफट म्हणजे आमच्या भागातला दुसरा दलाल. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "फटाफट करून टाकू" म्हणायचा, म्हणून हे नाव. कोल्हा काकडीला राजी, तसा तो कुठल्याही आकड्याला राजी असायचा.

"करेल की," आत्या म्हणाली. "तो समोरच्याकडूनही घेईल. मग भाव ठरताना तो कुणाच्या बाजूने बोलेल, ते तुम्हीच बघा."

"ते खरं, पण दोन म्हणजे जरा..." टायरवाल्यांनी आवाजात मध घातला. "तुम्हाला आम्ही परकं थोडंच मानतो? तुम्ही तर घरच्याच!"

मी खोकायची तयारी केली. पण तो शब्द ऐकल्यावर आत्याच्या आत काहीतरी कडकन वाजलं असावं. ती शांतपणे म्हणाली, "घरची असते, तर मला वाटणीत एक खोली मिळाली असती. दोन टक्के कशाला मागितले असते?"

मग बाई हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं असं. टायरवाल्यांनी आधी रागाने बहिणीकडे बघितलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

"बरं, मला सांगा," बाई म्हणाल्या, "तो एकात करतो आणि तुम्ही दोनात. वरच्या एका टक्क्यात मला काय मिळणार?"

"पहिल्यात मी गिऱ्हाईक आणते," आत्या म्हणाली, "दुसऱ्यात परत पाठवते. नुसता वेळ घालवायला येतो त्याला. खोटी घाई करून भाव पाडतो त्याला. ज्याच्याकडे पैशाची सोय नाही त्याला. हे सगळं तुमच्या दारापर्यंत येऊ देत नाही."

"आणि शेवटी पडेल भावातच विकावं लागलं तर?" टायरवाल्यांनी विचारलं.

आत्याने थोडा विचार केला. "आज आपण जी किंमत ठरवू, तिच्याखाली गेलं तर एकच टक्का द्या. तेवढं माझंही चुकलं असं समजेन."

हे टायरवाल्यांना आवडलं. आत्याने वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या आणि तिघांनी सह्या केल्या. बहीण-भावाने एकाच पेनने सही केली, पण पेन आत्याच्या हातून इकडून तिकडे गेलं. घराची एक किल्ली आत्याच्या पर्समध्ये आली. घरी परतताना ती रस्ता सोडून फुटपाथच्या कडेवरून, लहान मुली चालतात तशी चालत होती.

मग गिऱ्हाइकं आली आणि गेली. एकाला घराऐवजी जमीन हवी होती. एका जोडप्याचं व्हरांड्यातच भांडण जुंपलं. शेवटी आली जनावरांची डॉक्टर. तरुण, बोलायला मोकळी, बाहीवर कुठल्या तरी मांजराचे केस. पुढच्या खोल्यांत दवाखाना आणि मागे राहणं, असा तिचा बेत. ती घरात शिरली आणि भिंती न बघता फरशीकडे बघत चालली. "पाणी ओतलं की कुठे जातं?" तिचा पहिला प्रश्न. आत्याने तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. डॉक्टरला घर आवडलं. किंमत थोडी इकडेतिकडे होऊन ठरवलेल्या आकड्याच्या वरच राहिली. सोमवारी विसार द्यायचा ठरला, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची पहिली रक्कम.

त्याआधी गुरुवारी आत्या घर जरा हवेशीर करायला म्हणून गेली. फाटक उघडं होतं. तिने दाराला किल्ली लावली. किल्ली शिरेना. उलटी करून बघितली, पुसून बघितली. मग तिने दारात बसवलेल्या कुलपाकडे नीट बघितलं. कुलूप नवं कोरं होतं.

तिने टायरवाल्यांना फोन केला. एकदा वाजला, मग कापला गेला. डॉक्टरला केला, कुणी उचलला नाही. बाईंना केला, तोही नुसता वाजत राहिला. तिघंही एकाच वेळी गप्प, आणि दाराला नवं कुलूप. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आत्याला फुंकायचीही गरज वाटली नाही. स्टेशनरीवाला टॉवेल झटकत तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

ती घरी आली आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती बसली. मी कामावरून परतले तेव्हा गॅस पेटलेला नव्हता. तिने झालेलं सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "अगं, आत कुणी आहे का बघायचंस. हाक तरी मारायचीस."

"आणि आतून ते तिघं चहाचे कप घेऊन बाहेर आले असते तर?" आत्या म्हणाली. "त्यांनी तोंड लपवण्याआधी मलाच लपवावं लागलं असतं."

काकांनी उठून भात टाकला. आत्या दोन घास खाऊन उठली. "मीच मूर्ख," ती म्हणाली. "दर आधी सांगून काय उपयोग? पाटी लावली म्हणून लोक वाचतातच असं थोडंच आहे."

मी म्हटलं, "आपल्याकडे सह्या केलेला कागद आहे ना."

"कागद घेऊन कोर्टात जाऊ? मी?" ती म्हणाली आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. खालच्या जिन्यातून मोठमोठ्याने धापा टाकल्याचा आवाज येऊ लागला. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी दार वाजलं. दारात पोहण्याच्या बाई. चेहरा लालबुंद, एक हात भिंतीवर.

"तुमच्याकडे लिफ्ट नाही?" हा त्यांचा पहिला शब्द.

"नाही," आत्या गोंधळून म्हणाली. "आमचे हे लिफ्ट मेकॅनिक आहेत."

बाईंनी काकांकडे असं बघितलं, की काका पटकन पाणी आणायला आत गेले. बाई खुर्चीत बसल्या, पेला एका दमात संपवला आणि पर्समधून एक चकचकीत किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही नवीन. जुनी टाकून द्या."

आत्या किल्लीकडे बघत राहिली.

बाईंनी जे सांगितलं ते असं. बुधवारी त्या घरी गेल्या होत्या, आईचे कपडे काढून ठेवायला. बघतात तर दार उघडं, आणि आत फटाफट एका अनोळखी माणसाला घर दाखवतोय. दाखवतोय म्हणजे काय, तर आईचं कपाट उघडून फळ्या किती खोल आहेत ते हाताने मोजतोय. त्याला किल्ली दिली होती टायरवाल्यांनी. गिऱ्हाईक कमी किमतीत पण आठवड्यात पैसे देणारं होतं. बाईंनी दोघांना असं बाहेर काढलं की शेजारची कुत्री पळाली. मग किल्लीवाल्याला बोलावून त्याच दिवशी कुलूप बदललं.

"मी काल गेले होते," आत्या पुटपुटली. "किल्ली लागली नाही. फोनही केला तुम्हाला."

"काल? काल मी दिवसभर आतच होते, मागच्या खोलीत. फोन पर्समध्ये, पर्स स्वयंपाकघरात. संध्याकाळी बघितला."

"मग फोन का नाही केलात?"

"केला असता. पण किल्ली फोनमधून देता येत नाही," बाई म्हणाल्या. "हाक मारायची नाही का, अहो? बैठं घर आहे ते, किल्ला नाही!"

आत्याच्या मागे उभे राहून काका अगदी हळू खोकले.

एवढ्यात आत्याचा फोन वाजला. जनावरांची डॉक्टर. काल दिवसभर कुणाच्या तरी कुत्र्याच्या ऑपरेशनमध्ये होती, फोन बघितलाच नाही, आणि दवाखान्याच्या टेबलाचं माप घ्यायला घर कधी उघडून मिळेल? आत्याने तिला वेळ सांगितली, फोन ठेवला आणि पदराने तोंड झाकून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मी तेव्हा प्रत्यक्ष बघितलं. बाईंना वाटलं, त्यांच्या विनोदालाच एवढं हसतेय. त्या खूश झाल्या आणि जाताना चारही जिने उतरेपर्यंत काकांना लिफ्टबद्दल ऐकवत गेल्या.

एक काम मात्र उरलं होतं. टायरवाले. शनिवारी आत्या मला घेऊन त्यांच्या दुकानात गेली.

दुकानात हवा भरायचं मशीन धडधडत होतं. एका कामगाराने फुगवलेली ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून धरली होती आणि भोक कुठे आहे ते शोधत होता. टायरवाले आम्हाला बघून ओशाळले, पण क्षणभरच.

"या, या. मी फोन करणारच होतो," ते म्हणाले. "झालं ते झालं. आता असं करू. तुम्ही दीड घ्या. अर्धा टक्का त्या फटाफटला देऊन टाकतो. बिचाऱ्याने चकरा मारल्यात."

आत्याने त्या बोलण्याला हातच लावला नाही. तिने विचारलं, "तुम्हाला एवढी घाई कसली होती?"

टायरवाले उगाचच एका टायरवर हात फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई दोनदा फिरली आहे. दरवेळी आईच्या खोलीत जाते आणि नको विकायला म्हणते. मला एकट्याला ते घर सांभाळणं होत नाही. तिथे गेलं की मलाही... जाऊ दे. म्हटलं, ती पुन्हा फिरायच्या आत उरकून टाकू."

"काल त्या माझ्याकडे चार जिने चढून आल्या होत्या," आत्या म्हणाली. "किल्ली द्यायला. फिरणारं माणूस एवढे जिने चढत नाही. तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"आम्ही बोलत नाही."

"मग मी विचारते. त्याचेच तर पैसे घेते मी."

तिने तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. आवाज मोठा करायची गरज नव्हतीच. बाईंचं बोलणं पंक्चर काढणाऱ्यालाही ऐकू जात होतं. "त्याला सांगा, सोमवारी विसार, आणि महिन्याभरात सह्या. मी फिरणार नाही. कपडे काढून झाले माझे. आणि त्याला सांगा, आईचं घड्याळ त्याच्यासाठी बाजूला ठेवलंय."

टायरवाल्यांनी नाक ओढलं, रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा दुकानातलं फडकंच उचललं. थोड्या वेळाने ते पुन्हा दुकानदार झाले. सवयच ती. "ठीक आहे," म्हणाले, "मग दीड पक्के?"

आत्या काही बोलली नाही. तिने ओठ मिटले आणि टबाकडे बघू लागली. ट्यूबमधून बुडबुडे निघत होते. वाटलं आता ती "बरं" म्हणणार. मी खोकणारच होते, इतक्यात हवेचं मशीन बंद पडलं आणि दुकानात एकदम शांतता झाली. टायरवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, कामगाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. आत्या बुडबुडे बघत होती.

"बरं बाई, दोन," टायरवाले म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय. फटाफटला मी माझं बघतो."

"आभारी आहे," आत्या म्हणाली. बाहेर आल्यावर तिने माझा दंड इतका घट्ट पकडला की बोटांचे वळ उठले.

सह्यांच्या दिवशी काकांनी अर्धी रजा टाकली. नोंदणी कार्यालयात बाकं कमी आणि माणसं जास्त. डॉक्टर बाहीवरचे केस झटकत आली, मागोमाग बाई आणि टायरवाले आले. बसायला एकच बाक रिकामं होतं, तेव्हा बहीण-भाऊ आत्याला मधे न घेताच त्यावर बसले. नंबर आला. टायरवाल्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "ताई, पेन आहे का?"

"कधी स्वतःचं आणलंयस?" बाई म्हणाल्या आणि पेन दिलं.

आत्याने भिंतीवरच्या सूचना वाचायला सुरुवात केली. बराच वेळ वाचत होती.

सगळं झाल्यावर बाहेरच्या ओट्यावर दोघांनी आपापल्या हिश्श्याचा चेक तिच्या हातात ठेवला. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही, कुणी गोड बोललं नाही. बाई म्हणाल्या, "आकडा बघून घ्या," आणि आत्याने खरोखरच बघून घेतला, सगळ्यांसमोर. मग डॉक्टरने जाता जाता विचारलं, "माझी एक मैत्रीण घर विकतेय. तुमचा नंबर देऊ?"

"द्या," आत्या म्हणाली. "आणि दोन टक्के आहेत तेही सांगा."

परत जायला आम्ही बस स्टॉपकडे निघालो, तर काकांनी चक्क टॅक्सीला हात केला. आत्या म्हणाली, "कशाला उगाच?" पण बसली. मी पुढे, ते दोघं मागे. बँकेच्या चौकापर्यंत ती बोलत होती. बाई काय म्हणाल्या, टायरवाल्यांचा चेहरा कसा झाला, डॉक्टर किती चांगली. मग आवाज थांबला. मी वळून बघितलं. आत्या झोपली होती. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात पर्सवर, डोकं काकांच्या खांद्यावर. गेला आठवडाभर ती नीट झोपलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

टॅक्सी आमच्या इमारतीपाशी येऊन थांबली. ड्रायव्हरने मीटरला हात लावला. काकांनी बोट ओठांवर ठेवलं.

"थांबू नका," ते कुजबुजले. "अजून एक चक्कर मारा."

"कुठून?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुठूनही. फक्त खड्डे चुकवा."